परदेशातल्या लुथरन इंग्लिश कॅम्पला व्हॉलंटिअर म्हणून गेलायत का? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत मी पोलंडमधल्या विस्वा गावी दहा दिवस लुथरन (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमधला एक पंथ) चर्चच्या इंग्लिश कॅम्पला जाऊन आले आणि तेव्हापासून जो भेटेल तो तेच तेच विचारतोय, पैसे मिळतात का, ख्रिश्चन असावं लागतं का, आपलं इंग्लिश चालतं का. पैसे मिळत नाहीत, माझं तर तिकीटही माझ्याच खिशातून होतं, राहणं-जेवण त्यांचं. बाकी दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत देता येईनात म्हणून म्हटलं जे जे गेलेत त्यांनाच लिहायला लावावं. चांगलं वाईट दोन्ही लिहा, फक्त मुलांची, चर्चची, संस्थेची नावं नकोत.

सुरुवात मीच करते.

विस्वा म्हणजे दक्षिण पोलंडमधलं डोंगरातलं गाव, विस्वा नदी (आपण भूगोलात व्हिस्चुला वाचलेली) तिथेच बारान्या गुरा डोंगरावर उगम पावते. स्की जंपिंग बघणाऱ्यांना आदाम माविश माहीत असेल, तो इथलाच आणि तोही लुथरन. अख्खा देश कॅथलिक, लुथरन देशभरात साठेक हजार असतील नसतील, पण या खोऱ्यात मात्र गल्लोगल्ली. कॅम्पला मुलं तेरा ते अठरा वयाची, त्यातली बरीच कॅथलिक, काही कशातच नसलेली.

मला आठ मुलांचा गट दिला. पहिल्याच तासाला मी एक गोष्ट सांगितली आणि विचारलं, समजलं का? तर सगळी मान हलवतायत आणि म्हणतायत "नो, नो". मी परत सांगितली, अजून सोपी करून. परत "नो, नो". तिसऱ्यांदा फळ्यावर चित्रं काढून सांगितली, घाम फुटला. मग एका मुलीला दया आली असावी, ती म्हणाली की पोलिशमध्ये बोलताना "नो" म्हणजे "हो ना"! त्यांना पहिल्या फेरीतच सगळं समजलं होतं, आणि बिचारी सभ्यपणे तीन वेळा ऐकत बसली.

माझं इंग्लिश "आपलं" इंग्लिश, मराठी शाळेतलं. बरोबरची बाकीची टीम अमेरिकन, त्यामुळे मी पहिले दोन दिवस जरा मागे मागेच होते. तिसऱ्या दिवशी "अ" आणि "द" चा धडा आला. पोलिशमध्ये ही भानगडच नाही त्यामुळे मुलं एकतर सगळीकडे लावतात नाहीतर कुठेच नाही. अमेरिकन मुलीला त्यांनी विचारलं इथे "द" का, तर ती म्हणाली, तसंच बरोबर वाटतं. आता तिची तरी काय चूक, तिला ते आईच्या दुधाबरोबर मिळालंय. पण मला ते घोकून घोकून आलेलं ना! मी सांगितलं माझ्या भाषेतही हे नाहीये, आम्ही "एखादा कुत्रा" आणि "तो कुत्रा" असा विचार करतो. एक मुलगा लगेच म्हणाला, म्हणजे "याकिश" आणि "तेन". हो, तेच! त्या दिवसानंतर मी मागे उभी राहिले नाही.

अजून एक, तिथली मुलं "आय हॅव फिफ्टीन इयर्स" म्हणतात कारण पोलिशमध्ये वय "असतं", आपण "आहोत" असं नाही. दहा दिवस दुरुस्त केलं, शेवटच्या रात्री टॅलेंट शोमध्ये निवेदक पोरगं स्टेजवर जाऊन तेच म्हणालं.

* * *

मी २०१३ ला गेलो होतो स्लोव्हाकियाला, तेव्हा अमेरिकेत मिडवेस्टमध्ये एका लुथरन कॉलेजात शिकत होतो आणि कॅम्पसवरून टीम जात होती. मी हिंदू, देवळात आईबरोबर जाणारा, त्याच्यापलीकडे फारसं काही नाही. मुलाखतीला पाद्री होते त्यांना सरळ सांगितलं. ते म्हणाले इंग्लिश शिकव, खेळ घे, जे तू मानत नाहीस ते मुलांसमोर बोलू नकोस. मला हे फार आवडलं, कारण मला भीती उलटीच होती की बोलायला लावतील.

दिवस असा असायचा की सकाळी नाश्ता, मग गाणी, मग इंग्लिशचे दोन तास, दुपारी फ्रिसबी फुटबॉल पोहणं, संध्याकाळी बायबलमधली एखादी गोष्ट सोप्या इंग्लिशमध्ये, आणि मग लहान लहान गटात त्यावर गप्पा. या गप्पांमध्ये चौथ्या रात्री एका सोळा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, तू ख्रिश्चन नाहीस तर सकाळी पुढे उभा राहून गातोस कशाला? मुलगा स्वतः काहीच मानत नव्हता, घरच्यांनी इंग्लिशसाठी पाठवलेला. दुभाषी मुलगी भाषांतर करावं की नाही म्हणून थांबली, पण मला कळलंच होतं. मी म्हटलं, चाल चांगली आहे आणि पहिल्या रांगेत तोंड मिटून उभं राहता येत नाही. तो हसला, पण मला रात्रभर ते लागून राहिलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाणी म्हणायचो, हातवारे पण करायचो (हातवाऱ्यांशिवाय तिथे गाणंच नसतं), पण प्रार्थना आली की नुसते हात जोडून उभा. त्या मुलाने ते टिपलं. दोन दिवसांनी तोही माझ्या शेजारी येऊन तसाच उभा राहायला लागला.

एक गोष्ट मात्र खटकली ती खटकलीच. पालकांना जो कागद गेला होता त्यावर इंग्लिश हे मोठ्या अक्षरात आणि बायबल खाली बारीक. मला ते आमिष वाटलं, अजूनही वाटतं.

* * *

आमिष हा शब्द वाचून लिहितेय. कागदावर बायबलही मोठ्या अक्षरात लिहायला हवं हे शंभर टक्के मान्य. पण मी लग्न करून स्लोव्हाकियात आले, सासूबाई लुथरन, त्यांच्याकडून ऐकलेलं थोडं सांगते.

कम्युनिस्ट राजवटीत त्यांच्या शाळेत रशियन सक्तीचं, इंग्लिश शिकायची संधी क्वचित कुणाला. आणि पोराला धर्मशिक्षणाला, कन्फर्मेशनला (वयात येताना चर्चमध्ये श्रद्धा जाहीर करायचा विधी) पाठवलं तर पुढे कॉलेजप्रवेशाला ते आडवं यायचं, शिक्षक घरी येऊन "विचार करा" म्हणून सांगून जायचे. माझ्या मोठ्या दिरांचं कन्फर्मेशन दुसऱ्या गावात जाऊन गुपचूप झालंय. नोव्हेंबर १९८९ नंतर सगळं एकदम सुटलं. गावात पहिल्यांदा अमेरिकन मुलं आली ती चर्चच्या इंग्लिश कॅम्पलाच, आणि पार नव्वदीच्या सुरुवातीला सासूबाई त्यांना जेवायला घालायच्या, एक शब्द कळत नसताना. त्यांच्या डोक्यात या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, दोन्ही आधी बंद होत्या आणि दोन्ही एकाच वर्षी घरात आल्या. मी एकदा त्यांना हे "आमिष" वालं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, कुणाला आमिष? पाद्र्याच्या अंगणात कॅम्प आहे, पोरांना दिसत नाही का पाद्री?

मी स्वतः तीन वर्षं कॅम्पच्या ऑफिसला बसते, मी काही मानत नाही, मला कुणी विचारलंही नाही. कॅम्पच्या मुलांना आम्ही एक दिवस ह्रोन्सेकचं लाकडी चर्च दाखवायला नेतो. कॅथलिक राजाच्या १६८१ च्या कायद्याने लुथरन लोकांना चर्च बांधायची परवानगी मिळाली ती या अटींवर की दगड वापरायचा नाही, लोखंडी खिळा नाही, वस्तीच्या कडेला बांधायचं आणि वर्षभरात उरकायचं. १७२५-२६ मधलं ते चर्च अजून उभं आहे, युनेस्कोच्या यादीत आहे. अमेरिकन मुलं फोटो काढतात आणि आमची स्लोव्हाक मुलं पहिल्यांदाच पाहत असतात, जेमतेम तासाभरावर राहत असून.

* * *

मी वय वर्षे ६१, मुलगा प्रागला असतो. त्याच्या सहकाऱ्याने विचारलं आई स्वयंपाकघरात मदत करतील का, पोलंडच्या सीमेवर चेस्की त्येशिनजवळ कॅम्प आहे. मी म्हटलं बसून तरी काय करू. चेक येत नाही, इंग्लिश मोडकं, पण कांदा चिरायला भाषा लागत नाही.

सत्तर माणसांचं रोज सूप. दुपारी सूप झालंच पाहिजे, त्याशिवाय जेवण सुरूच होत नाही. मी शाकाहारी, आणि तिथे शाकाहारी म्हणजे "स्माझेनी सिर", जाड चीजची वडी पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली, बरोबर बटाटे. पहिल्या दिवशी आवडीने खाल्लं. पाचव्या दिवशी ताटाकडे बघवेना. मुख्य आचारीण माझ्याच वयाची, तिने ओळखलं आणि सहाव्या दिवशी माझ्यासाठी वेगळी डाळ शिजवली, नुसतं मीठ आणि मार्जोरम घालून. मी तिला जिरं कुठाय विचारलं तर डबा काढून दिला, तिथे ते ब्रेडमध्ये घालतात ते काळपट वाकडं असतं, शहाजिऱ्यासारखं. घातलं. बरी झाली डाळ.

मुलं इंग्लिश शिकायला माझ्याकडे यायची, कारण माझ्यापुढे चुकायची लाज वाटत नाही, मी त्यांच्याहून जास्त चुकायची. एकदा नाश्त्याला एका अमेरिकन मुलाने जॅमची बरणी उचलून मोठ्याने सांगितलं की यात प्रिझर्वेटिव्ह नाहीत, तर अख्खं टेबल लोटपोट. चेकमध्ये तो शब्द कंडोमसाठी आहे म्हणे. आचारणीने मला हातवाऱ्यांनी समजावलं, ते इथे लिहीत नाही.

रविवारी गावात फिरायला नेलं. ओल्झा नदीवरचा पूल ओलांडला की पोलंड, पलीकडे त्याच गावाचा दुसरा अर्धा भाग, चेशिन. १९२० मध्ये मधोमध कापलेलं गाव. आता कुणी पासपोर्ट विचारत नाही, लोक पिशवी घेऊन बाजाराला येतात जातात. मी पुलाच्या मधोमध जरा उभी राहिले.

* * *

माझा वाईट अनुभव आहे आणि लिहायचा की नाही विचार करत होतो. देश लिहीत नाही. नेमणूक शिक्षक म्हणून झालेली, मी दहा वर्षं इंग्लिशच शिकवतो. पोचल्यावर कळलं की पालकांना "नेटिव्ह स्पीकर", म्हणजे इंग्लिश मातृभाषा असलेले, कबूल केलेत, तेव्हा वर्ग घेणार एकोणीस वर्षांची मुलं ज्यांनी आयुष्यात वर्ग घेतला नाही, आणि मी स्पोर्ट्सचं सामान सांभाळणार. कुणी वाईट वागलं नाही, सगळे गोड बोलायचे, तेच जास्त लागलं. दोन दिवस नेट बांधले, बॉलमध्ये हवा भरली. तिसऱ्या रात्री एक शिक्षक मुलगी आजारी पडली तेव्हा माझ्याकडे धावत आले. मी वर्ग घेतला, चांगला घेतला. पण पुढच्या वर्षी त्यांनी बोलावलं तेव्हा नाही म्हणालो.

वर "द" चं लिहिलंय ते वाचून जरा बरं वाटलं एवढंच.

* * *

नाही म्हणालात ते बरोबरच केलंत.

मी फक्त कागदपत्रांचं लिहितो, कुणीच लिहिलं नाहीये. जर्मनी वगैरे शेंगेन देशाचं (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) रेसिडेन्स परमिट असेल तर वेगळा व्हिसा नको. नसेल तर शॉर्ट स्टे शेंगेन, जून २०२४ पासून फी ९० युरो, मेडिकल इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, आणि जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच अर्ज. चर्चचं आमंत्रणपत्र तारखांसकट आधी मागून घ्या, सहा महिने आधी अर्ज करता येतो, जुलैच्या गर्दीत शेवटच्या महिन्यात जाऊ नका.

दुसरं म्हणजे पोलिस क्लिअरन्स. पोलंडमध्ये २०२४ पासून लहान मुलांच्या संरक्षणाचा कायदा कडक झालाय, मुलांबरोबर काम करणाऱ्या परदेशी माणसाला स्वतःच्या नागरिकत्वाच्या देशाचं गुन्हे नसल्याचं पत्र द्यावं लागतं. आणि गेल्या वीस वर्षांत ज्या देशांत राहिलात त्यांचंही; राहता जर्मनीत पण पासपोर्ट भारतीय, तर भारताचं आणि जर्मनीचं दोन्ही लागेल. मला वाटलं व्हॉलंटिअरला कोण विचारतंय. विचारलं, आणि ते नसल्यामुळे पहिले दोन दिवस मला मुलांच्या गटात जाऊ दिलं नाही. चिडलो होतो तेव्हा. आता स्वतःला मुलगी आहे.

* * *

आम्ही घरचेच ख्रिश्चन, पण लुथरन नाही. मला वाटायचं तिथे मला सगळं ओळखीचं वाटेल. तसं काही नाही! सगळ्यात परकी मीच होते. अमेरिकन टीमला वाटायचं मी कालपरवा ख्रिश्चन झाले, "केव्हा झालीस" असं विचारायचे. माझ्या पणजीपासून आहोत म्हटलं की चेहरे बघण्यासारखे.

पण एक सांगायचंय. आमचा कॅम्प पोलंडमधल्या उस्त्रोनजवळ होता, तिथून एक दिवस रुव्नित्सा डोंगरावर नेलं. वर जंगलात एक मोठा दगड आहे. १६५४ मध्ये कॅथलिक हाब्सबर्ग सम्राटाच्या माणसांनी त्या भागातली लुथरन चर्चेस काढून घेतली तेव्हा लोक रात्री चालत या जंगलात यायचे आणि त्या दगडाशी उपासना करायचे, पन्नासेक वर्षं. मग १७०७ च्या करारानंतर चेशिनला एक चर्च बांधू दिलं, हजारो माणसं मावतील एवढं मोठं, कारण अख्ख्या मुलखाला तेवढं एकच.

दगडाशी पाद्र्यांनी सांगितलं ज्याला जे येतं त्या भाषेत गा. पोलिश झालं, इंग्लिश झालं, मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी एक मराठी गीत म्हटलं, आजीचं आवडतं, टाळ्यांच्या ठेक्यावर. पोरांनी तिसऱ्या ओळीला ठेका पकडला. खाली उतरताना एक मुलगी विचारते, यात "द" कुठे होतं? (म्हणजे सगळ्याच कॅम्पात हेच चालतं तर.)

रात्री शेकोटीला सॉसेज काठीला लावून भाजताना समजलं की त्यांचा "ओगियेन" म्हणजे आपला अग्नी आणि "दिम" म्हणजे धूम. मग अर्धा तास सगळ्या शब्दांची उठाठेव. इंग्लिश कॅम्पला इंग्लिश सोडून सगळं झालं त्या रात्री.

* * *

सगळं वाचलं. यंदा स्लोव्हाकियाला पहिल्यांदा जातेय, सामानाचं कुणीतरी सांगा ना, स्लीपिंग बॅग लागते का?

* * *

स्लीपिंग बॅग त्यांना विचार, काही ठिकाणी देतात. गोचिडींसाठी स्प्रे आणि बारीक चिमटा ने, गवतात खेळून आलं की रोज पाय तपासायचे, हे गमतीवारी घेऊ नकोस, तिथल्या गोचिडींपासून मेंदूज्वर होतो. पावसाळी जाकीट, डोंगरात जुलैतही रात्री थंडी पडते. पीनट बटर नेऊ नकोस, अमेरिकन टीम पेट्या भरून आणते.

आणि घरात घालायच्या सपाता. बुटांनी आत गेलीस तर सगळ्या कॅम्पभर "पापुचे! पापुचे!" असा ओरडा होतो.