लोत नदीकाठची पायपीट : तुमच्या आठवणी लिहा

निशिगंध :
आज माळा आवरायला काढला आणि आईचे कॅनव्हासचे बूट हाती लागले. तळव्याच्या खाचांत अजून पांढरी माती होती. आधी वाटलं, रंगकामाचा चुना असेल. मग लक्षात आलं, ही फ्रान्समधल्या बुझिएस गावची माती. शिडीवरच बसून राहिले.

२०१७ चा मे महिना. आम्ही तेव्हा तुलूजला, आई तीन महिन्यांसाठी आलेली. वय ६४. पॅरिस दाखवून झालं होतं, त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही. एक दिवस म्हणाली, "मला कुठंतरी चालायला ने गं. बसून बसून पाय जड झाले." चार वाऱ्या केलेली बाई, तिला चार भिंतींत कसं करमणार? शनिवारी सकाळच्या गाडीने काओरला गेलो (सव्वा तास लागतो), तिथून फिजाककडची बस धरली आणि बुझिएसला उतरलो. तिथून नदीकाठाने सॅं-सिर्क-लापोपी जेमतेम पाचेक किलोमीटर.

पहिला तुकडा साधाच, झाडीतला. पुढे एके ठिकाणी चुनखडीचा कडा थेट पाण्यात उतरतो आणि वाट त्या कड्याच्या पोटात शिरते. डोक्यावर खडक, डाव्या हाताला लोत नदी, हिरवी, संथ. बोगदा नाही, एक बाजू उघडी आहे. १८४० च्या दशकात हा रस्ता खडक फोडून केला. कशासाठी, तर नावा ओढायला. प्रवाहासोबत खाली बोर्दोकडे जाणं सोपं, वर येताना मात्र माणसं नाहीतर घोडी काठावरून दोर ओढत चालायची. इथे काठच नव्हता, म्हणून तो कोरून काढला. पुढे रेल्वे आली, नावा बंद पडल्या, रस्ता तेवढा उरला.

मी हे सगळं आईला सांगत होते आणि ती ऐकतच नव्हती. भिंतीवर हात फिरवत पुढे चालली होती. मधेच थांबून म्हणाली, "ही बघ टाकीची खूण, छिन्नीची. इथं माणूस उजवा होता. इथं बदलला, हा डावखुरा." माझे आजोबा पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या करायचे. मला हे माहीत होतं, पण आईला दगड वाचता येतो हे मला वयाच्या ३६ व्या वर्षी, फ्रान्समध्ये कळलं. पुढे त्याच भिंतीवर मासे, शिंपले असं कोरीव काम आहे. ती लगेच म्हणाली, "हे जुनं नाही." खरंच ते आपल्या काळातलं आहे, दानिएल मॉनिए या शिल्पकाराचं.

वर गाव आहे, नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर. सुंदरच आहे. पण आईला विचारलं की ती अजून त्या भिंतीबद्दलच बोलते.

त्या भागात कुणी चाललं असेल, पायी, नदीकाठाने, पठारावरून, तर लिहा ना. आज वाचायचंय.

अबोली_२ :
काकूंना माझा नमस्कार सांग. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रानवाट :
फिजाक ते काओर. ९० किमी, पाच दिवस, सप्टेंबर. हा फ्रान्समधल्या ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेचा एक तुकडा. तिकडे तिला जीआर ६५ म्हणतात.

तुम्ही सगळे नदी नदी करताय, पण ती वाट बराचसा वेळ पठारावरून जाते आणि तिथे पाण्याचा थेंब नाही. ओढा नाही, झरा नाही. सगळी चुनखडी, पडलेला पाऊस भेगांतून खाली जातो आणि थेट दरीत नदीकाठी वर येतो. वर खुरटे ओक, दगडी कुंपणं आणि दगडावर दगड रचून केलेल्या धनगरांच्या गोल खोपी, चुना-सिमेंट काही नाही. ग्रेआलू गावाच्या पुढे वाटेला लागून एक डॉल्मेन आहे, उभ्या दगडांवर एक प्रचंड शिळा ठेवलेली, हजारो वर्षांपूर्वीचं थडगं. शेजारी दगडी क्रूस. दुपारी दोनला त्या शिळेच्या सावलीला टेकून बसलो होतो, बाटलीत दोन घोट पाणी.

एक फ्रेंच आजोबा आले आणि त्यांनी शिकवलं की पाणी संपलं की गावाचं कब्रस्तान शोधायचं. तिथे फुलांसाठी नळ असतो. पाटी मात्र वाचायची, पिण्याचं नाही असं लिहिलं असेल तर भरायचं नाही. तेव्हापासून पाचही दिवस मी कब्रस्तानं शोधत चाललो. आत गेल्यावर आपोआप चप्पल काढावीशी वाटायची.

चकली :
@रानवाट कब्रस्तानातलं पाणी!! माझ्या सासूबाई वाचतायत शेजारी, त्यांनी "शिव शिव" म्हटलं आणि लगेच "पण तहान लागल्यावर काय करणार बिचारा" पण म्हणाल्या

सुगरणकाकू :
शाकाहारी माणसाने काय खायचं तिथे ते सांगा कुणीतरी. भाचा जायचा म्हणतोय, अंडंसुद्धा खात नाही.

निशिगंध :
काकू, पाव आणि चीज यावर निभतं. त्या भागात रोकामादूर नावाच्या बकरीच्या दुधाच्या चकत्या मिळतात, छोट्या, तोंडात विरघळतात. त्या गरम करून सॅलडवर घालतात. पण भाच्याला सांगा, नुसतं सॅलड म्हणून मागवू नको. तिकडच्या स्थानिक सॅलडमध्ये बदकाच्या पोटातले तुकडे असतात. 'सां व्हियांद' म्हणायचं, म्हणजे मांसाशिवाय. आणि 'सां लार्दों'सुद्धा, कारण डुकराच्या बारीक तुकड्यांना काही लोक मांस धरतच नाहीत.

रानवाट :
लसणाचं सूप पण विचारून घ्या. दिसायला निष्पाप, पण बऱ्याचदा बदकाच्या चरबीत केलेलं असतं. अक्रोड भरपूर घ्या, तिथलेच असतात. आणि सोमवारी गावातली बेकरी बंद असू शकते हे आधी बघून ठेवा. दुपारी १२ ते २ तर काहीच उघडं नसतं.

सुगरणकाकू :
दशम्या देईन बांधून. दुधात भिजवलेल्या, गुळाच्या. चार दिवस हलत नाहीत.

चकली :
काकू दशमीत गूळ किती? माझ्या कडक होतात

सुगरणकाकू :
वाटीभर कणकेला पाव वाटी गूळ, दुधात विरघळवून. तूप सढळ हाताने घाल. आणि लाटलीस की लगेच भाज, ठेवून देऊ नकोस.

कातळ :
आम्ही २०१९ ला गेलेलो. वाटेवरच्या खुणा हा एक वेगळा विषय आहे. पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा-लाल म्हणजे त्या प्रदेशातली मोठी फेरी, नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतीचा लहान फेरा. पट्ट्यांची फुली दिसली की ही वाट तुमची नाही, मागे फिरा. १९४७ पासून असं रंगवत आलेत, आणि रंगवणारे बहुतेक स्वयंसेवक. सह्याद्रीत आम्ही दगडावर बाण काढतो तेव्हा पुढच्या पावसात तो जातो, पुढच्या वर्षी दुसरा ग्रुप दुसऱ्या दिशेला काढतो, आणि माणसं वाट चुकतात, जीव जातात. तिथे एका झाडाला पट्टा रंगवणारी बाई भेटली. जुना रंग खरवडून, झाड पुसून, पट्टी लावून रंगवत होती. मी दहा मिनिटं बघत उभा राहिलो. परत आल्यावर आमच्या ग्रुपला हेच सांगतोय, फुलीची खूण आपण पण सुरू करू या.

पावशेर :
कोणत्या महिन्यात जावं?

कातळ :
मे किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टला पठार भाजून काढतं, खोल्याही भरलेल्या. सप्टेंबरच्या शेवटाकडे शिकारीचा हंगाम सुरू झालेला असतो, तेव्हा भडक रंगाचं जाकीट घाला. वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर तिथे घुसू नका.

मु_पो_तुलूज :
काओरच्या पुलाचं कुणीच कसं लिहिलं नाही? व्हालांत्रे पूल. तीन उंच बुरूज. १३०८ ला काम सुरू, ७० वर्षं चाललं. त्याची गोष्ट माझ्या मुलीला पाठ आहे. काम काही पुरं होईना म्हणून गवंड्याने सैतानाशी करार केला. तू माझी सगळी कामं कर, बदल्यात माझा आत्मा घे. पूल होत आला तसा गवंडी घाबरला आणि शेवटचं काम म्हणून सैतानाला चाळण दिली, म्हणाला मजुरांना हिच्यातून पाणी आणून दे. झालं, करार मोडला. मग रागाने सैतान रोज रात्री मधल्या बुरुजाचा एक दगड काढून न्यायचा, दिवसा लोक बसवायचे. १८७९ ला पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा पॉल गू या वास्तुविशारदाने त्या जागी सैतानाचंच छोटं शिल्प बसवलं, दगड उपटताना बोटं अडकलेला. खालून मान वर करून शोधावं लागतं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची, तिनेच आधी पाहिलं आणि ओरडली, "आई, त्याची चाळण कुठे आहे?"

अबोली_२ :
झाला कुकर.

मी फिजाकला होते, दोनच दिवस, त्यातही पाऊस. शांपोलियों तिथला, १७९० चा जन्म. १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी ज्याने उलगडली तो. ज्या रोझेटा शिळेवरच्या मजकुरावरून त्याने ती लिपी उलगडली, तिची प्रत त्याच्या घराजवळच्या चौकात जमिनीवर केलीय, काळ्या दगडाची, मूळ शिळेच्या कितीतरी पट मोठी. तिच्यावरून चालता येतं. पावसाचं पाणी त्या अक्षरांत साचलं होतं.

मला तिथे रडू आलं. आमच्या घरी पणजोबांच्या मोडीतल्या कागदांची पेटी आहे. बाबा गेले आणि घरात वाचणारं कुणी उरलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचं परकं अक्षर एका माणसाने आयुष्य घालून वाचलं आणि मला माझ्या पणजोबांचं वाचता येत नाही. आल्यावर मोडीच्या वर्गाला नाव घातलं. दोन कागद लागले आत्तापर्यंत. एक विहिरीच्या हिश्शाचा आहे, दुसरा बहिणीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचा.

चकली :
कर्ज फिटलं का त्यांचं?

अबोली_२ :
तिसऱ्या कागदात असेल. शोधतेय.

सांजवात :
मी सहसा लिहीत नाही. आम्ही दोघांनी ही वाट ठरवली होती, ह्यांच्या निवृत्तीनंतर. नकाशे आणून ठेवले होते. हे २०२१ च्या लाटेत गेले. मी २०२३ ला एकटी गेले, काओरपर्यंतच. यात्रेकरूंची एक पुस्तिका असते, मुक्कामाच्या गावी शिक्का मारून देतात. मी दोन काढल्या. पहिल्याच मुक्कामाच्या बाईंना मोडक्या इंग्रजीत सांगितलं तर त्यांनी काही न विचारता दोन्हींवर शिक्का मारला. पुढे काओरपर्यंत सगळ्यांनी मारला. एकाही ठिकाणी मला समजावून सांगावं लागलं नाही, दोन पुढे केल्या की पुरायचं. पाय फार दुखले. बरं वाटलं.

निशिगंध :
ताई 🙏

सुगरणकाकू :
सांजवात, तुम्ही पुण्यात असाल तर या हो घरी.

सांजवात :
नाशिकला असते. पण येईन.

रानवाट :
ताई, तुमचं वाचून लिहायचं राहिलेलं आठवलं. लिमोन्य गावाच्या पुढे एका शेतघराबाहेर टेबल मांडलेलं होतं. थर्मासमध्ये कॉफी, उकडलेली अंडी, एक डबा. पाहिजे ते घ्या, जमेल ते डब्यात टाका. माणूस कुणी नाही. वारीत गावोगाव जशी पंगत वाढतात ना, तेच, फक्त इथे वाढणारा दिसत नाही. मी मोठ्याने "माउली" म्हणालो. कुत्रं तेवढं भुंकलं.

पावशेर :
पेश मेर्लची प्राचीन चित्रांची गुहा पायी करता येते का त्याच वाटेवर?

मु_पो_तुलूज :
काब्रेरे गावात आहे, बुझिएसहून सेले नदीच्या काठाने वर. पण तिकीट आधी काढा, दिवसाला ७०० च माणसं सोडतात. १९२२ ला गावातल्या पोरांनी शोधली. भिंतीवर रंगवलेले ठिपक्यांचे घोडे आहेत, साधारण २९,००० वर्षांपूर्वीचे. आणि भोवती हातांचे ठसे. हात भिंतीला लावून भोवती रंग फुंकलेला. आम्ही फोटो काढू शकलो नाही, मनाई आहे.

निशिगंध :
आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. हातांच्या ठशांपाशी तिने दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, तिथं मला का नाही नेलंस? सांजवातताईंचं ऐकून ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आणि तिचे दोन प्रश्न आहेत. त्या नदीकाठच्या रस्त्याच्या मजुरांना रोज काय मिळायचा, आणि त्यांच्या टाक्यांना धार कोण लावून द्यायचं. म्हणते, तो दगड मऊ, आपल्या काळ्या कातळासारखा टाकी खाणारा नाही, पण एवढी भिंत म्हटल्यावर धार लागणारच.

कातळ :
काकूंच्या घरी कोण लावायचं धार?

निशिगंध :
विचारलं. आजी. भट्टी पेटवायची, भाता ओढायची आणि टाक्या लाल करून ठोकायची. रोज संध्याकाळी वीस-वीस. आजोबा फक्त दगडावर बसायचे, असं म्हणाली. हे पण मला आजच कळलं.