भुलेश्वरची सहल : आपल्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी काका : नमस्कार मंडळी. सोसायटीच्या सहलीचं ठरवू या. बेत असा आहे : सकाळी सातला निघायचं, आधी भुलेश्वरचं शंकराचं देऊळ, तिथून जेजुरी, मग नारायणपूर आणि परतताना केतकावळ्याचा बालाजी. बस मिळते आहे. कोण कोण येणार ते कळवा.

सी-२०३ ताई : आम्ही चौघं येणार.

ए-३०४ : माझी दोन नावं. एका दिवसात चार देवस्थानं, छान बेत आहे.

बी-४०२ : काका, एक विनंती. या यादीत भुलेश्वर ठेवायचं असेल तर बाकीची तीन पुढच्या वेळी करू. आणि ती तीन करायचीच असतील तर भुलेश्वर गाळा, तिथं आपण नंतर वेगळं जाऊ. तासाभरात उरकायचं ते ठिकाण नाही. दर्शन घेतलं, नंदीपाशी फोटो काढला आणि खाली उतरलो, तर जे बघायला जायचं तेच बघायचं राहून जाईल. याआधी ज्यांना ज्यांना तिकडे पाठवलं त्यांतले बरेच जण "छान आहे, शांत आहे" एवढंच सांगत परत आले. शिल्पं बघितलीत का विचारलं, तर "कुठली?" म्हणाले.

ए-३०४ : अहो पण शिल्पं काय, सगळ्या जुन्या देवळांत असतातच. आणि तिथली बरीचशी फुटलेली आहेत असं ऐकलंय.

बी-४०२ : फुटलेली आहेत, खरं आहे. तरीही सांगतो, पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं तासा-दीड तासावर यादवकाळातलं असं काम आहे, आणि पुण्यातल्या निम्म्या लोकांनी ते पाहिलेलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. जरा मोठा मेसेज टाकतो, वेळ मिळेल तसा वाचा.

यवतच्या अलीकडे-पलीकडे कुठूनही डोंगराकडे बघितलंत तर वर गिलावा केलेले घुमट दिसतात. त्यावरून वाटतं, असेल दोन-अडीचशे वर्षांचं. ते वरचं बांधकाम नंतरचंच आहे. मूळ देऊळ आत दडलंय. साधारण तेराव्या शतकातलं, काळ्या पाषाणाचं. त्याच्या भोवतीनं उंच भिंत आहे, त्यामुळे बाहेर उभं राहून आतल्या कोरीव कामाचा पत्ताच लागत नाही. दारातून आत शिरलं की अंधारा, अरुंद जिना लागतो. तो चढून वर आलं की एकदम मोठा नंदी समोर. लोक तिथून सरळ गाभाऱ्याकडे जातात आणि तिथूनच परत फिरतात. खरी गंमत देवळाच्या भोवतीनं, प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे. एका हाताला देवळाची भिंत, दुसऱ्या हाताला ओवऱ्या, आणि मध्ये चालायला चिंचोळी वाट. भिंतीवर खालपासून वरपर्यंत कोरीव काम. मान वर करून, चार पावलं मागे सरकून, परत जवळ जाऊन बघावं लागतं. नुसतं चालत गेलात तर पाच मिनिटांत प्रदक्षिणा संपते.

सी-१०२ काका : म्हणजे हेमाडपंती. चुना न वापरता दगडात दगड अडकवलेला. आयुष्य बांधकामात गेलं माझं, तरी तसला सांधा बघितला की थांबावंसं वाटतं. खाचा आणि कुसू असं बसवायचे, की वजन आलं की जोड आणखी घट्ट व्हावा.

बी-४०२ : अगदी बरोबर काका. फक्त हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. या पद्धतीची कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. अंबरनाथचं शिवमंदिर तर १०६० सालचं, शिलाहार राजांचं. आपण सवयीनं सगळ्यांना त्याचंच नाव देतो. तुम्ही आलात तर खांबांकडे बघाच. खांबाच्या माथ्यावर तुळई पेलणारे भारवाहक यक्ष असतात, त्यांच्या चेहऱ्यावर ओझ्याचा ताण दिसतो.

ए-१०१ आजी : भुलेश्वरचं नाव वाचलं म्हणून लिहिते. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी श्रावणी सोमवारी नेलं होतं. तेव्हा डोंगर पायीच चढलो. पार्वतीनं तिथं शंकरापुढे नृत्य केलं आणि मग दोघं कैलासाला गेले, लग्न तिकडे लागलं, अशी कथा सासूबाई सांगायच्या. पिंडीवरचं झाकण काढून आत पेढ्यांचं ताट ठेवतात आणि परत काढलं की पेढा कमी झालेला असतो. आमचाही झाला होता. मला श्रावणातच जायचं आहे. आणि जेजुरी का काढता? आमचा कुळस्वामी आहे.

बी-४०२ : आजी, तुम्ही आलात तर सहलीला अर्थ आहे. पेढे आपण नेऊच, ताट तुमच्या हातूनच ठेवू. पण श्रावणी सोमवारी प्रदक्षिणेच्या त्या वाटेवर उभं राहायलासुद्धा जागा नसते, मागून लोक पुढे सरकवत असतात. महाशिवरात्रीलाही तेच. त्यामुळे श्रावणातला सोमवार सोडून दुसरा कुठलाही दिवस धरू, म्हणजे श्रावणही झाला आणि गर्दीही टळली. जेजुरीला तर वेगळंच जाऊ. गड चढायचा, तळी भरायची, भंडारा उधळायचा, ते घाईत केलेलं तुम्हालाच आवडणार नाही.

ए-१०१ आजी : हे पटलं. गुडघ्यांचं बघा मात्र.

बी-४०२ : आता रस्ता जवळजवळ माथ्यापर्यंत जातो आजी, चढ फारसा उरत नाही. थोड्या पायऱ्या बाहेर आहेत, त्या हळूहळू होतात. आतल्या अंधाऱ्या जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, तिथं पुढे एक आणि मागे एक माणूस असू द्या. पावसाळ्यात दगड निसरडा होतो, तेवढं सांभाळायचं.

बी-५०१ वहिनी : आमची दोघं मुलं देवळात दहा मिनिटांत कंटाळतात हो. दोन तास काय करतील?

बी-४०२ : वहिनी, मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं बघतात, त्यांना शोधायला काहीतरी दिलं पाहिजे. आल्या आल्या सांगायचं, भिंतीवरच्या हत्तींची रांग शोधा. मग कीर्तिमुख, म्हणजे सिंहासारखा उग्र चेहरा. मग महाभारत. शरपंजरी पडलेले भीष्म तिथं आहेत, ते सापडले की मुलं ओरडतातच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे स्त्रीरूपातला गणपती. बसलेल्या देवींच्या शिल्पांत वरच्या बाजूला सोंड असलेली एक देवी आहे, मांडी घातलेली, खाली उंदीर. कुणी तिला गणेश्वरी म्हणतं, कुणी वैनायकी, कुणी लंबोदरी. नजर खालीच ठेवून चालणाऱ्याला ती दिसत नाही. माझ्या भाचीला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसली होती.

बी-५०१ वहिनी : स्त्रीरूपातला गणपती असतो हेच मला माहीत नव्हतं.

सी-२०३ ताई : मलाही नाही. पण मुलं विचारणार, मूर्तींची नाकं-हात का तुटलेत? काय सांगायचं?

बी-४०२ : खरं तेच सांगायचं ताई, की या मूर्ती घाव घालून फोडल्या आहेत. मुलांना ते झेपतं. आणि त्या डोंगरानं किती उलथापालथ पाहिली तेही सांगता येईल. देऊळ ज्या डोंगरावर आहे तो नुसता डोंगर नाही, किल्ला आहे, दौलतमंगळ. विजापूरच्या आदिलशाहीतल्या मुरार जगदेवानं बांधलेला. १६३०च्या सुमारास पुणं जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला म्हणतात, तो हाच मुरार जगदेव. त्यानंतर लगेचच त्यानं या डोंगरावर ठाणं केलं, इथून खालच्या मुलखावर नजर राहते म्हणून. आता किल्ल्याचा थोडासा तट आणि बुरूज उरलेत, गाडीतून वर जाताना बघा. पुढे मराठ्यांच्या काळात देवळाची डागडुजी झाली आणि वरचं चुन्याचं काम आलं. म्हणजे एकाच इमारतीत यादवांचा दगड आणि नंतरचा चुना, दोन्ही समोरासमोर दिसतात.

ए-३०४, तुम्ही मघाशी फुटलेल्या मूर्तींचं म्हणालात ना, त्याबद्दल एक सांगायचं राहिलं. नंदीकडून प्रदक्षिणेला वळलं की मदनिकांची, म्हणजे नटलेल्या सुंदर स्त्रियांची शिल्पं लागतात. त्यातल्या एकीचं तोंड गेलंय, दोन्ही हात कोपरापासून गेलेत. पण शरीर एका बाजूला कलतं आहे आणि गळ्यातला हार त्या कलण्याबरोबर एका बाजूला ओघळलाय. सरळ खाली लोंबत नाही, अंगावर टेकत टेकत उतरतो. कमरेच्या मेखलेचे घोस मांडीवर जिथं टेकतात तिथं थोडे पसरलेत. बेसॉल्टचा कठीण दगड आहे हा, संगमरवर नव्हे. यात मणी न् मणी सुटा कोरायचा म्हणजे छिन्नीचा एक घाव जास्त पडला की झालं, परत जोडता येत नाही. चेहरा नसल्यामुळे नजर आपोआप या सगळ्याकडे जाते. मी त्या एका मूर्तीपाशी बराच वेळ उभा होतो. फोडणाऱ्यांना चेहरा दिसला, हात दिसले, आणि कारागिरानं जिथं खरा जीव ओतला होता तो हार तसाच राहिला.

ए-३०४ : वाचून बघावंसं वाटायला लागलं. माझं मत बदललं. एकच ठिकाण करू.

सी-१०२ काका : माझंही तेच मत. सकाळचं तिरपं ऊन भिंतीवर असताना पोचलो तर कोरीव काम उठून दिसेल. दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं.

बी-४०२ : काका, लाखातलं बोललात. म्हणून सातला निघणं नको, सहालाच निघू. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत आणि तिथून उजवीकडे. हडपसर सोडायला उशीर झाला की तासभर तिथंच जातो.

आणि कळकळीची विनंती, सगळ्यांना. हळदीकुंकू, तेल, दूध जे वाहायचं ते गाभाऱ्यात. बाहेरच्या शिल्पांना काहीही लावायचं नाही, कितीही भाव आला तरी. भिंतीवर हात फिरवत चालायचं नाही, हाताच्या तेलकटपणानं दगड काळा पडतो आणि कडा झिजतात. जिथं हात सहज पोचतो तिथली शिल्पं कशी गुळगुळीत झालीत, हे तिथं गेल्यावर तुमचं तुम्हालाच दिसेल. मुलांना मूर्तींच्या मांडीवर बसवून फोटो काढू नका. हे संरक्षित स्मारक आहे आणि त्याहून आधी ते देऊळ आहे.

सी-२०३ ताई : फोटो तरी काढायचे ना?

बी-४०२ : भरपूर काढा. पण आधी डोळ्यांनी बघा ताई, मग मोबाईल काढा. गाभाऱ्यात मात्र नकोत. तिथं अंधार असतो, पुजाऱ्यांना विचारून शांतपणे उभं राहा. चपला बाहेर काढायच्या असतात, ऊन तापलं तर फरशी पोळते, म्हणून पातळ मोजे पिशवीत ठेवा. पाणी आपलं आपण न्या. जेवण डब्याचंच बरं. खाली उतरून कुठंतरी झाडाखाली बसू. वर खरकटं नको.

ए-१०१ आजी : धपाटे आणि दही माझ्याकडून. पेढेही मीच आणते.

सी-१०२ काका : मी एक छोटी दुर्बीण आणतो, वरच्या ओळीतली शिल्पं नीट दिसतील. ती गणेश्वरी मला आधी शोधायची आहे.

बी-५०१ वहिनी : काका, मुलं तुमच्या आधी शोधणार!

सेक्रेटरी काका : ठरलं तर मग. फक्त भुलेश्वर. श्रावणातला दुसरा शनिवार, सकाळी सहाला फाटकापाशी. सव्वासहाला बस सुटेल, कुणासाठी थांबणार नाही. आजी पुढच्या सीटवर. बी-४०२, प्रदक्षिणेच्या वाटेवर तुम्ही पुढे राहा, आठ-दहा जणांचे गट करू म्हणजे वाट अडणार नाही आणि तुमचं बोलणं सगळ्यांना ऐकू येईल. जेजुरीचं दिवाळीनंतर बघू. नावं गुरुवारी रात्रीपर्यंत द्या, बसवाल्याला शुक्रवारी आकडा कळवायचा आहे.