ऑनलाइन काउन्सेलिंग घ्यावं का?

नाशिकमध्ये सातपूरला कंपनीत आहे, शिफ्ट बदलली की झोप उडते, छातीत धडधड, त्यात बायकोशी रोज खटके. ऑनलाइन घेतलं असतं पण घर दोन खोल्यांचं, आई समोरच बसलेली, बोलायचं कुठे?

> मी गाडीत बसून बोलते, सोमेश्वरला, काचा वर करून 😄 पैसे भरायच्या आधी शिक्षण विचारा हं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचा नंबर मागायचा, इन्स्टावरचे लाइफ कोच वेगळे.

> दादा, आधी १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात.

> धडधडीचं एकदा डॉक्टरला दाखवाच, थायरॉइडनेही होतं. गोळ्या लागल्या तर सायकियाट्रिस्टसारखा डॉक्टरच देणार, काउन्सेलर नाही. आणि खटक्यांसाठी वहिनींनाही बसवा की, एकट्याने काय अर्धीच स्टोरी सांगणार?