भावांतरचे पैसे माझ्या खात्यात आले, बटाईदाराला किती द्यावे?

रामबागची_काकू
सांवेरजवळ वडिलांची आठ बिघे जमीन आहे, आता माझ्या नावावर. मी शाळेतून रिटायर झालेली, इंदूरहून रोज कुठे जाणार? म्हणून अकरा वर्षांपासून एकाच माणसाकडे अर्ध्या बटाईवर आहे. बी-खाद निम्मं निम्मं, मेहनत त्याची. कागद काही नाही, सगळं तोंडी.

यंदा सोयाबीन पिवळं पडून वीसच क्विंटल झालं. मंडीत त्यानेच नेलं, पण रजिस्ट्रेशन माझ्या पावतीवर (इथे जमिनीच्या खातेपुस्तिकेला पावती म्हणतात), माझ्या समग्र आयडीवर, म्हणजे मध्यप्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावर. मंडीचे पैसे आम्ही वाटून घेतले. आता भावांतरचे, म्हणजे सरकारच्या भाव-फरक योजनेचे, सव्वीस हजारांच्या आसपास माझ्या खात्यात आलेत. परवा त्याचा फोन, "दीदी, पइसो आयो कई?"

पुण्याचा भाऊ म्हणतो, सरकारने मालकाला दिलेत, तुझेच आहेत. शिवाय मागची नऊ हजार उधारी आहेच, ती कापून घे. मला हे पटत नाही, पण उलट बोलायला मुद्दाही सापडत नाही.

हातोदवाला
काकू, मुद्दा साधा आहे. 2025 च्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. मंडीत तेवढा मिळाला नाही, तो फरक म्हणजे भावांतर. पैसा जमिनीचा नाही, मालाचा आहे, आणि माल अर्धा त्याचा होता. तेरा हजार त्याचे. उधारीचा हिशेब वेगळा ठेवा, यात घालू नका.

बडोद्याचा_जावई
पीएम-किसानचं काय? ते कोणाला मिळतं?

रामबागची_काकू
कोणालाच नाही! मला दहा हजारांवर पेन्शन, म्हणून मी बाद. त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून तोही बाद. वर्षाचे सहा हजार आमच्या शेताला वळसा घालून जातात.

हातोदवाला
बटाईदाराला थेट भेटणारी सबसिडी म्हणजे खताच्या दरातली, जसं युरिया. 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना, दर मालकाला नि बटाईदाराला सारखाच. बाकी बहुतेक पावतीला चिकटलेलं.

सराफ्याचा_वकील
बटाईदाराला सिकमी (दुसऱ्याची जमीन कसणारा) म्हणून स्वतःच्या नावावर रजिस्ट्रेशन करता येतं, पण सोसायटीच्या केंद्रावर, आणि त्याला लेखी करार लागतो. मराठी माणूस इथेच घाबरतो. लिहून दिलं की कुळ लागेल! अहो, तो महाराष्ट्रातला कुळकायदा. मध्यप्रदेशात 2016 चा बटाईदार कायदा आहे. करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि त्याने जमिनीवर बटाईदाराचा हक्क लागत नाही. एक प्रत तुमची, एक त्याची, एक तहसीलदाराकडे.

रामबागची_काकू
कुळाची भीती वडिलांपासून आमच्या घरात आहे, खरं सांगते. त्यांनी त्याला साधी चिठ्ठीसुद्धा कधी दिली नाही.

आज तेरा हजार पाठवले. उधारीचा विषय मी काढलाच नाही, त्यानेच काढला: गव्हाच्या वेळी फेडतो म्हणाला. कागदाचं सांगितल्यावर मात्र गप्प झाला. मग विचारतो, "दीदी, जमीन छुड़वानी है क्या?" म्हणजे भीती दोन्ही बाजूंना! रविवारी सांवेरला जाते, समोर बसूनच बोलावं लागेल.