मदत हवी आहे: इम्पोर्टनंतर पाऊ चालेना, आणि ॲज देऊन आणलेला दर बदलेना

जुईचा_वेल:
पायथन ३.१२, ज्युपिटर नोटबुकमध्ये (कोड तुकड्यातुकड्यांनी चालवायची जागा). कोड देवनागरीतच लिहिते आहे, सांभाळून घ्या.

पहिली अडचण: पाऊ(७, १२८, १३), म्हणजे ७ च्या १२८व्या घाताला १३ ने भागून उरणारी बाकी, याचं उत्तर ३ येत होतं. लॉग हवा म्हणून वर "फ्रॉम मॅथ इम्पोर्ट *" घातलं, तर टाइपएरर: पाऊला २ आर्ग्युमेंट हवेत, मिळाले ३. ओळ काढून टाकली तरी एरर तशीच.

दुसरी: दर.पाय या फाइलीत व्याजदर = ७.५ आहे, आणि व्याज(मुद्दल) हे फंक्शन मुद्दल * व्याजदर / १०० परत करतं. नोटबुकात असं आहे:

इम्पोर्ट दर
फ्रॉम दर इम्पोर्ट व्याजदर ॲज टक्के, व्याज
दर.व्याजदर = ८
प्रिंट(टक्के, व्याज(१०००))

छापलं जातं ७.५ ८०.०. एकाच ओळीत दोन दर कसे?

खटपट्या:
पहिलीचं उत्तर. पायथनचं अंगचं पाऊ तिसरा आकडा घेऊन बाकी काढतं. मॅथमधलं पाऊ दोनच घेतं आणि नेहमी फ्लोट (दशांश आकडा) देतं. इम्पोर्टला तारा (*) लावलात की मॅथमधली सगळी नावं तुमच्या नावांत येऊन बसतात आणि अंगचं पाऊ झाकलं जातं. ओळ पुसली तरी चालू कर्नलमध्ये (नोटबुकचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नाव शिल्लक राहतं, म्हणून एकदा "डेल पाऊ" चालवा, खालचं परत दिसेल. मग "फ्रॉम मॅथ इम्पोर्ट लॉग" एवढंच आणा. दोन्ही पाऊ हवीत तर "पाऊ ॲज फ्लोटपाऊ".

एरर आली हे नशीबच म्हणायचं. मॅथनंतर सीमॅथही (कॉम्प्लेक्स संख्यांचं मॅथ) ताऱ्याने आणलं, तर वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी(४) गुपचूप (२+०जे) देतं. ते शोधत बसा मग.

ओसरी:
दुसरीचं. फ्रॉमवाली ओळ ज्या क्षणी चालते, त्या क्षणी व्याजदर ज्या वस्तूकडे बोट दाखवत होता, तिलाच टक्के हे नाव मिळतं. पुढे दर.व्याजदर दुसरीकडे वळवलात, तरी टक्केला त्याचा पत्ता नाही. व्याज मात्र व्याजदर शोधतं ते स्वतःच्या फाइलीच्या नावांत, आणि दर वेळी नव्याने. तिथे ८ आहे. म्हणून ८०.०.

बदलणारी किंमत असेल तर "इम्पोर्ट दर ॲज द" करून द.व्याजदर वाचा. मात्र नुसतं ॲज द आणलंत तर दर हे नाव तुमच्याकडे नसतं, दर.व्याज लिहिलं की नेमएरर.

इम्पोर्टलिबच्या रीलोडचंही (फाइल परत वाचून घेण्याचंही) तेच: द.व्याज नवं होतं, फ्रॉमने आणलेलं व्याज जुनंच राहतं. फ्रॉमची ओळ परत चालवा. टेस्टमध्ये पॅच करतानाही (तात्पुरतं नकली फंक्शन बसवतानाही) हेच नडतं: विक्री.पाय या दुसऱ्या फाइलीने फ्रॉमने व्याज आणलं असेल तर "दर.व्याज" पॅच करून उपयोग नाही, "विक्री.व्याज" करावं लागतं.

जुईचा_वेल:
डेल पाऊ लागू पडलं, द.व्याजदरही बरोबर येतोय. आभार दोघांचे! आता "व्याज ॲज दुसऱ्याचं_व्याज" दिलं तर सिंटॅक्सएरर: न छापता येणारं अक्षर यू+२००डी. मराठी नावं चालत नाहीत का? टक्के तर चाललं.

खटपट्या:
चालतात, पायथन ३ पासून. तुमचा कीबोर्ड ऱ्या काढताना र, हलंत आणि मध्ये न दिसणारं झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह, तेच यू+२००डी) घालतो, आणि नावात ते अक्षर चालत नाही. नुक्त्याचा ऱ, मग हलंत, मग या असं टाइप करा. दिसायला तेच, पण एरर जाईल. फाइलीत आधीच असतील तर एडिटरमध्ये २००डी शोधून काढा. आणि ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीत) फंक्शनचं नाव व्याज असंच दिसेल, कारण ॲजने मूळ नाव बदलत नाही.