मराठी मालिकेत दोघींचं प्रेम दाखवा, आणि त्यातल्या एकीला मारू नका

पांदणीवरची (यवतमाळ जिल्हा)
मागच्या आठवड्यात मामेबहिणीकडे तूर सोंगायला गेले होते. दुपारी बांधावर जेवणं झाली आणि ती मोबाइल घेऊन मैत्रिणीजवळ सरकली. 'गॅप' नावाची थायलंडची मालिका, 2022 ची, यूट्यूबवर फुकट. सॅम आणि मॉन या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. बोलणं थाई, खाली अक्षरं इंग्रजी. मैत्रिणीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून बहीण दर ओळीला व्हिडिओ थांबवून सांगत होती, "पाय वं, थे रुसली हाय. मनातलं सांगून नाही राहिली. पण नजर पाय तिची." मैत्रिणीच्या हातातली भाकर तशीच राहिली होती.

हजारो कोसांवरच्या मुलींची गोष्ट या दोघी तुरीच्या पेंढ्यांत बसून आपल्या बोलीत आणतात, कारण रात्री आठच्या मराठी मालिकेत ती नाही. मला ती तिथं पाहिजे. वर्षभर चालणारी, सासू, कर्ज, लग्नघर, आजारपण सगळ्यांसकट.

आणि त्यातली एक मरायला नको. विजय तेंडुलकरांनी 1981 मध्येच 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणलं, रोहिणी हट्टंगडींनी बाईवर प्रेम करणारी मित्रा उभी केली. एवढं धाडसाचं नाटक, पण मित्रा शेवटी जीव देते. अमेरिकेतल्या मालिकांतही तेच. 2002 मध्ये 'बफी'तली टारा मेली, 2016 मध्ये 'द हंड्रेड'मधली लेक्सा. दोघींनाही दुसऱ्या कोणासाठी झाडलेली गोळी लागली, आणि दोघींच्याही वाट्याला सुखाचा क्षण नुकताच आला होता. लेक्सा गेल्यावर तिच्या चाहत्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी 'ट्रेव्हर प्रोजेक्ट' या तरुण मुलामुलींना आत्महत्येपासून सावरणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा केले. 2017 पासून तर अशा मालिकांच्या चाहत्यांचं संमेलनच भरायला लागलं. पडद्यावरच्या एका मरणाचं पाहणारीच्या जिवाशी काय नातं असतं, ते त्यांना कळलं होतं.

2016 मध्येच 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका आपल्याकडची बोली बोलायला लागली, तेव्हा माझी आई ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची. "आपल्यासारखी बोलते," एवढंच तिचं म्हणणं. बहिणीच्या मैत्रिणीलाही तेवढंच पाहिजे.

सातबारा (वाशीम)
ताई, राग मानू नका. माझ्या घरी टीव्ही एक अन् खोलीही एकच. बाबा, आई, आम्ही दोघं, तीन लेकरं सगळे तिथंच जेवतो. तसा प्रसंग आला की बाबा टीव्ही बंद करतीन आणि मंग जे बोलतीन, थे जिच्यासाठी तुम्ही हे मागून राहिल्या त्या पोरीलेच खाली मान घालून ऐकावं लागीन. मोबाइलवर गुपचूप पायते त निदान शिव्या तरी ऐकू येत नाहीत. दुसरं म्हणजे सोयाबीन विकून खर्च निघत नाही, हे कोणत्या मालिकेत दाखवते? पहिले थे दाखवा म्हणा.

निंबाखाली
मी विरोधात आहे आणि माझं कारण वेगळं आहे.

मी नर्स आहे. ती आणि मी अकरा वर्षं एका तालुक्याच्या गावी एकाच घरात राहतो. गावाला आम्ही 'सिस्टर आणि सिस्टरची मैत्रीण'. घरमालकीण काकू संक्रांतीचं वाण दोघींना एकत्रच देतात. कोणी एक शब्द विचारत नाही, कारण विचारायला त्यांच्याजवळ शब्दच नाही. तुमची मालिका त्यांना तो शब्द देईल.

1998 च्या नोव्हेंबरात दोन बायांच्या प्रेमाचा 'फायर' सिनेमा लागला आणि डिसेंबरात मुंबईत, दिल्लीत थिएटरं फोडली, तेव्हा मी शिकत होते. त्याआधी होस्टेलात थंडीच्या दिवसांत दोन पोरी एका खाटेवर झोपल्या तर कोणी काही म्हणत नव्हतं. पेपरात बातम्या आल्या आणि आमच्या वॉर्डनबाई रात्री टॉर्च घेऊन खाटा मोजायला लागल्या. सिनेमा त्यांनी पाहिलाही नव्हता. एका पोरीला घरी पाठवलं, ती परत आली नाही. टॉर्चचा तो उजेड मला अजून आठवतो.

शहरात मालिका आवडली नाही तर लोक चॅनल बदलतात. इथं लोक शेजारच्या घराकडे पाहायला लागतात.

दर्यापूरचा मास्तर
निंबाखाली ताईंशी सहमत. शिवाय आजकाल दोन मैत्रिणी पडद्यावर हसल्या की लगेच त्यांचं प्रेम जुळवून व्हिडिओ फिरतात. बायांची निखळ मैत्री शिल्लक ठेवणार की नाही?

संत्र्याचा बार (वरुड)
सर, ते व्हिडिओ आम्हीच करतो. दोन जावांचे, मैत्रिणींचे नजरेचे तुकडे कापायचे आणि खाली गाणं लावायचं. मालिकेत आमच्यासाठी एक मिनिटही नसतं म्हणून अठरा सेकंद आम्ही जोडून घेतो. खरी जोडी दाखवली तर तुमच्या मैत्रिणींना आम्ही हातही लावणार नाही. नवरा-बायको दाखवल्यानं भाऊ-बहिणीचं नातं खराब झालं का?

पांदणीवरची
निंबाखाली ताई, खाटा मोजल्या हे वाचून कालपासून काही लिहिता आलं नाही. तुमची भीती खरी आहे.

तरी एक सांगते. झाकून राहणं तुम्हाला निभलं, कारण तुमच्या हातात पगार होता. ही मैत्रीण एकवीस वर्षांची आहे आणि तिला पाहायला पाहुणे येऊन राहिले. 'मैत्रीण' हा शब्द लग्न ठरेपर्यंतच चालतो. काकूंजवळ शब्द नाही हे तुम्हाला बरं वाटतं, पण हिच्याजवळही शब्द नाही. आईला "मला लग्न नको" म्हटलं की आई विचारते, "काहून?" तिथं ती गप्प होते. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं हे प्रेम गुन्हा नाही असं सांगितलं, तेही तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. लग्नाचा हक्क 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टानं नाकारला, ते मला माहीत आहे. पण 2021 च्या शेवटी आपल्याच नागपुरात दोन डॉक्टर मुलींनी घरच्यांसमोर अंगठ्या घातल्या. हे तिला मी सांगितलं तेव्हा तिनं दोनदा विचारलं, "नागपुरात?"

सातबारा भाऊ, सोयाबीनचं घर आणि या मुलीचं घर एकच आहे. तिच्या बापाच्या अंगावरही पीककर्ज आहे, म्हणून तर लग्न उरकायची घाई. मालिकेत हे दोन्ही एकाच ओसरीवर दाखवता येतं.

सातबारा (वाशीम)
कर्जाचं बोलल्या थे पटलं. बाबा टीव्ही बंद करतीन, त्यावर मात्र तुम्ही काही बोलल्या नाही.

पांदणीवरची
हो, करतील. माझेही करतात. उत्तर नाही माझ्याजवळ.

निंबाखाली
माझं मत तेच आहे. मालिका आली तर पहिला त्रास आमच्यासारख्यांना होईल, लेखकाला नाही.

पण त्या पोरीची बारावी झाली आहे का? टक्के किती? विज्ञान होतं की कला? नर्सिंगला जाता येईल का ते पाहते. फॉर्मचे पैसे, कागदपत्रं मी बघते, पहिलं वर्ष आमच्याकडे राहिली तरी चालेल, हिला विचारून लिहिते आहे. पाहुणे कधी येणार आहेत ते आधी कळवा. इथं नको, वेगळा निरोप पाठवा.