जुन्या जी४१ मदरबोर्डवर ४ जीबीची नवी रॅम लावल्यास डिस्प्ले येत नाही

ग्रंथालय_पीसी यांचा प्रश्न

आमच्या वाचनालयातील डेस्कटॉपमध्ये इंटेल जी४१ चिपसेटचा (मदरबोर्डवरील भागांचा समन्वय साधणाऱ्या चिपचा) मदरबोर्ड, कोअर २ डुओ ई७५०० प्रोसेसर आणि डीडीआर३ प्रकारची २ जीबीची एकच रॅम आहे. पुस्तकांच्या नोंदींची फाईल आणि ब्राउझर एकाच वेळी उघडले की संगणक फार मंदावतो, म्हणून रॅम वाढवण्याचे ठरले. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत कमाल मर्यादा ८ जीबी दिलेली असल्यामुळे ४ जीबीच्या, १६०० मेगाहर्ट्झ वेगाच्या दोन नव्या स्टिक घेतल्या. त्या बसवल्यावर पंखा फिरतो, बीप वाजत राहतात, पण पडद्यावर काहीच येत नाही. एकेक स्टिक आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहिली, संपर्काच्या पट्ट्या खोडरबराने स्वच्छ केल्या, तरी फरक पडला नाही. जुनी २ जीबीची रॅम मात्र दोन्ही स्लॉटमध्ये चालते आणि नव्या स्टिक एका परिचिताच्या एच६१ बोर्डावर व्यवस्थित चालतात. १६०० मेगाहर्ट्झचा वेग या बोर्डाला झेपत नसेल का? बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील प्रणाली) अद्ययावत केल्यास उपयोग होईल का?

स्लॉट_दोन यांचे उत्तर

आपण केलेल्या तपासणीतूनच बरेचसे उत्तर मिळते. जुनी रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चालते, त्यामुळे स्लॉटमध्ये बिघाड नाही. नव्या स्टिक दुसऱ्या बोर्डावर चालतात, त्यामुळे त्याही सदोष नाहीत. राहिला प्रश्न या दोहोंच्या जुळणीचा.

वेगामुळे हे घडत नाही. १६०० मेगाहर्ट्झची रॅम कमी वेगावरही चालू शकते आणि आपल्या प्रोसेसरबरोबर ती १०६६ वर चालली असती. स्टिकवर १.३५ व्होल्ट असे छापलेले असले तरी प्रमाणित डीडीआर३एल रॅम १.५ व्होल्टवर चालते, त्यामुळे तीही शंका नको.

आता स्टिकवरील काळ्या चिप्स मोजून पाहा. ४ जीबी म्हणजे ३२ गिगाबिट. स्टिकच्या एकाच बाजूला ८ चिप्स असतील तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची आहे. दोन्ही बाजूंना मिळून १६ असतील तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची आहे. जी४१ चिपसेट २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप्स हाताळू शकतो, त्यामुळे ८ चिप्सची स्टिक त्याला एकतर ओळखताच येत नाही किंवा तिची अर्धीच क्षमता दिसते. माहितीपुस्तिकेतील ८ जीबीचा आकडा खरा आहे, पण तो १६ चिप्सच्या दोन स्टिक गृहीत धरून दिलेला आहे, आणि नेमकी हीच अट पुस्तिकेत ठळकपणे सांगितलेली नसते, याचे मला वाईट वाटते.

बायोसने ही मर्यादा हटणार नाही. या पिढीत मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) प्रोसेसरमध्ये नसून मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये आहे, म्हणून प्रोसेसर बदलूनही काही साधणार नाही. एच६१ बोर्डावर बसणाऱ्या प्रोसेसरमध्ये कंट्रोलर आतच असतो आणि तो ४ गिगाबिटच्या चिप्स हाताळतो, म्हणून त्याच स्टिक तिथे चालल्या.

जुना_माल यांचे उत्तर

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे. दुकानात जाताना केवळ ‘डीडीआर३ ४ जीबी’ एवढेच सांगू नका, तर दोन्ही बाजूंना चिप्स असलेली, एकूण १६ चिप्सची स्टिक मागा आणि पैसे देण्यापूर्वी स्वतः मोजा. लेबलवर ‘टू आर एक्स एट’ (2Rx8) या अर्थाची खूण असल्यास ती अशी दोन रँकची, म्हणजे एकत्र वापरल्या जाणाऱ्या चिप्सचे दोन गट असलेली, स्टिक असते. ‘वन आर एक्स एट’ असेल तर ती आपल्या उपयोगाची नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात अशा स्टिक बहुधा वापरलेल्याच मिळतात, पण वापरलेली असणे हा दोष नव्हे. मात्र केवळ एएमडी बोर्डांसाठी म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या स्टिक घेऊ नका; त्या इंटेलच्या बोर्डांवर चालत नाहीत.

नवी रॅम बसवताना वीजजोडणी काढून पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरा, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जाईल, आणि मग दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप बंद होईपर्यंत स्टिक सरळ दाबा. संगणक सुरू झाला म्हणजे काम संपले असे समजू नका. पेन ड्राईव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही त्रुटी दिसल्यास ती स्टिक परत करा, कारण वाचनालयाच्या नोंदी हळूहळू बिघडत गेल्या तर ते फार उशिरा लक्षात येते.

ग्रंथालय_पीसी यांचा प्रतिसाद

दोन्ही स्टिकवर एकाच बाजूला ८ चिप्स आहेत. दुकानदाराने त्या बदलून १६ चिप्सच्या दोन वापरलेल्या स्टिक दिल्या असून संगणक पहिल्याच वेळी सुरू झाला. बायोसमध्ये ८ जीबी दिसतात, मेमटेस्टमध्ये त्रुटी नाही, परंतु विंडोज ७ मध्ये मात्र सुमारे सव्वातीन जीबीच वापरता येण्याजोगी दिसते.

स्लॉट_दोन यांचे उत्तर

आपल्याकडील विंडोज ३२ बिटची असावी. तिची मर्यादा ४ जीबीची आहे आणि त्यातलाही काही पत्ताविस्तार (मेमरीतील जागांच्या क्रमांकांचा आवाका) ग्राफिक्स व इतर उपकरणांसाठी राखून ठेवला जातो. ‘कॉम्प्युटर’च्या गुणधर्मांमध्ये हे लगेच दिसेल. तिथे ६४ बिट लिहिलेले आढळले, तर एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनातील बूटच्या प्रगत पर्यायांत कमाल मेमरीची खूण लागलेली असल्यास ती काढा आणि बायोसमध्ये मेमरी रीमॅपचा (उपकरणांच्या राखीव पत्त्यांमुळे झाकलेली रॅम वापरात आणण्याचा) पर्याय असल्यास तो सुरू करा.

३२ बिट असेल तर ६४ बिटची प्रणाली नव्यानेच बसवावी लागेल, कारण एकीवरून दुसरीवर थेट जाता येत नाही. आपला ई७५०० प्रोसेसर ६४ बिटचा आहे. विंडोज ७ चा विस्तारित आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलेला असल्यामुळे, ज्या संगणकावर ब्राउझर रोज उघडला जातो तिथे ६४ बिटची एखादी लिनक्स प्रणाली बसवणे मला अधिक सुरक्षित वाटते. त्याआधी नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावरच जुनी प्रणाली पुसा.